पहिलं शील दोनदा

आमच्या घरात दिवसा बोलायला बंदी होती. कुणी तशी पाटी लावली नव्हती, पण बाबांना बहुतेक वेळा रातपाळी असायची. सकाळी ते कान-नाकातला कोळसा धुऊन, भाकर खाऊन आडवे झाले की संध्याकाळपर्यंत आमचं घर पाय न वाजवता चालायचं. बाबा कोराडीच्या वीजघरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर कामाला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वीजघराची घरघर रात्रंदिवस चालायची, तिचा बाबांना काही त्रास नव्हता. उलट ती कधी थांबली तर ते दचकून उठून बसायचे आणि “काय झालं वं?” म्हणून विचारायचे. पण मोरीत पेला पडला की त्यांची झोप गेलीच म्हणून समजा. आईनं प्रेशर कुकर कधी घरात आणला नाही, का तर तो शिट्ट्या मारतो. डाळ गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजायची, तासभर. ठेचा करायचा असला की आई मिरच्या, लसूण आणि खलबत्ता पदराखाली घेऊन शेजारच्या भागाबाईच्या ओट्यावर जायची आणि तिथं मनसोक्त कुटून परत यायची. भागाबाई म्हणायची, “तुह्या घरी नवरा झोपते अन् माह्या घरी मिरची उडते.”

मी एकुलती एक. आई आणि मी दिवसभर हातांनी बोलायचो. चिमूट दाखवली की मीठ, तळहात उपडा केला की गॅस बारीक कर, गालावर बोट ठेवलं की बाबा कूस बदलून राहिलेत, थांब. कॉलनीतल्या पोरी सुरुवातीला मला बोलवायला यायच्या. आई दार उघडून ओठांवर बोट ठेवायची. दोन-चारदा असं झाल्यावर त्या आमच्या दारावरून नुसत्या पळत जायला लागल्या आणि पुढं आमच्या खिडकीजवळ खेळायचं नाही हा त्यांचाही नियम झाला. मला कुणी वाळीत टाकलं नव्हतं, पण मी एकटी होते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं. खिडकीच्या चौकटीवर वीजघराची बारीक राख येऊन बसायची. तिच्यावरून मुंग्या गेल्या की त्यांच्या पायांची नक्षी उठायची. ती नक्षी बघत मी कितीतरी दुपारी काढल्या. माझं पुढचं आयुष्य लहान गोष्टींकडं बघण्यात गेलं, याचं कौतुक लोक करतात तेव्हा मला हसू येतं, कारण मोठ्या गोष्टींपैकी कुणी आमच्याकडं यायचंच नाही. आता मी नागपुरात, बेसाला, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. इथं दिवसा झोपणारं कुणी नाही. तरी फ्रिजचं दार मी अजून हळूच लावते.

संध्याकाळी मात्र घर उघडायचं. बाबा उठायचे, अंगणात खाकरून चूळ भरायचे आणि त्या आवाजानं जणू आम्हाला मोकळीक मिळायची. आई भिंतीवरच्या दोन तसबिरींवरची दिवसभराची राख ओल्या फडक्यानं पुसायची, मेणबत्ती लावायची आणि आम्ही वंदनेला उभे राहायचो. आई लहान असताना, परकरातली पोर असताना, आजीबरोबर नागपूरच्या त्या मैदानावर धम्मदीक्षेला गेली होती. शाळेत ती फार गेली नाही, पण त्या दिवशी हजारो लोकांच्या आवाजात तिनं जी पाच शीलं म्हटली ती तिच्या तोंडून कधी सैल पडली नाहीत. जीव मारणार नाही, न दिलेलं घेणार नाही, अशी एकेक करून ती म्हणायची. दिवसभर कुजबुजणाऱ्या बाईच्या गळ्यात एवढा आवाज कुठं असतो, असं मला वाटायचं. तिचा आवाज भरदार, माझा बारीक. दोन्ही एकत्र निघाले की पत्र्याच्या पेटीला झिणझिण्या यायच्या. बाबा हात जोडून ओठ हलवायचे, त्यांचं लक्ष घड्याळाकडं असायचं. मग पानं वाढली जायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. रविवारी कोंबडी आणि तिच्यावर लाल तर्री. खरं सांगायचं तर वंदना म्हणजे माझ्यासाठी धर्म कमी आणि आईशी मोठ्यानं बोलणं जास्त होतं. दिवसभरात आमचे दोघींचे आवाज एकत्र निघायचे ते तेवढ्याच वेळात, आणि ती वेळ गेली असती तर माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

कॉलेजसाठी मी कोराडीहून बसनं शहरात जायला लागले. प्राणीशास्त्र घेतलं, बी.एस्सी. झाले, एम.एस्सी.ला गेले. तिथं आम्हाला साठवणे मॅडम होत्या. सुती साडी, खांद्यावर पिन, पायात पुरुषी वाटाव्यात अशा चपला. त्या विद्यार्थ्यांना फार बोलायच्या नाहीत, पण सूक्ष्मदर्शकात काही चांगलं दिसलं की वर्गाबाहेरच्या शिपायालाही हाक मारून दाखवायच्या. पेशी दुभंगते कशी हे त्यांनी आम्हाला नाकतोड्यांवर शिकवलं. गवतातला नर नाकतोडा आणायचा, क्लोरोफॉर्मच्या वासानं तो निपचित पडला की त्याचं पोट सुईनं उघडायचं. आत शेवयांच्या तुकड्यांसारख्या पिवळसर नळ्या असतात. त्यांतली एक काचेवर घ्यायची, लाल रंगाचा थेंब टाकायचा, वरून दुसरी पातळ काच ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायचं. इतकंच. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढून बसतात, जास्त पडला तर फुटतात. बाकीच्या मुलांच्या काचा तडकायच्या. माझा अंगठा पहिल्या दिवसापासून बरोबर बसला. पाय न वाजवता वाढलेल्या मुलीला किती जोर लावायचा हे कुणी शिकवावं लागत नाही.

पहिल्यांदा मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो क्षण मला नीट आठवतो. पेशी दुभंगायच्या आधी तिच्यातली गुणसूत्रं जोडी जोडीनं उभी राहतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तिथं ती खरोखर तशी होती, लाल, चिकटून उभी, लग्नातल्या पंगतीला नवरा-बायकोनं शेजारी बसावं तशी. आणि एका बाजूला, सगळ्यांपासून दूर, एक गडद तुकडा एकटाच. मी मॅडमना विचारलं, “हे चुकून तिकडं गेलंय का?” मॅडम म्हणाल्या, “चुकून नाही. नराच्या पेशीत या एकाला जोडीदारच नसतो. सगळे पंगतीत उभे राहतात आणि हे आपलं स्वतःच्या वाटेनं एका टोकाला जातं. कसं जातं, कधी निघतं, ते तू या मोसमात बघ.” त्या नंतर असंही म्हणाल्या, की दक्षिणेत एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांचे स्वतःचे गुरू आहेत, आणि माझ्या स्लाइडी चांगल्या निघाल्या तर त्या मला तिकडं संशोधनाला पाठवतील. मी त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा असून कोराडीपर्यंत उभी राहिले. मला आनंद झाला होता आणि तो सांगायला घरी दिवसा परवानगी नव्हती.

नाकतोड्यांचा मोसम पावसाळ्याचा. आणि आमच्या घरी तोच मोसम वर्षावासाचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कॉलनीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असे. विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली आणि पुढं ओटा. भंतेजी शहरातून कधीमधी यायचे. एरवी बायकांची वंदना माझी आईच घ्यायची. तिला अक्षर अडखळत वाचता येई, म्हणून वाचन दुसरी कुणी करायची, पण वंदना आणि गोष्ट सांगणं आईकडं. पोळा नुकताच होऊन गेला होता. त्या दिवशी मी वीजघराची राख सोडतात त्या तळ्याकडच्या गवतात उशिरापर्यंत नाकतोडे धरत राहिले आणि घरी न जाता तशीच विहारात आले. चटणीची रिकामी बरणी, तोंडाला मलमलचा तुकडा बांधलेला, ती पिशवीत घालून मी मागच्या सतरंजीवर बसले.

आई मुलांना सांगत होती की भिक्खू पावसाळ्यात एका जागी का राहतात. “पावसात गवत उगवते. गवतात बारके बारके जीव निंघते. चालता चालता ते पायाखाली येऊन मरू नाही, म्हणून तीन महिने कुठी जाचं नाही. आपल्या पायाले काय लागते? काहीच नाही. पण त्याचा त जीव जाते ना.” मुलं गप्प झाली. आणि त्या गप्पपणात माझ्या पिशवीतून आवाज यायला लागला. टक्. टक् टक्. नाकतोडे काचेवर उड्या मारत होते. दिवसभर आवाज दाबायला शिकलेली मी, पण यांना कसं गप्प करायचं? भागाबाईनं मान वळवली.

“काय वाजून राहिलं वं तुह्या पिशवीत?”

“नाकतोडे,” मी म्हटलं.

“काहून?”

“कॉलेजात कापाले.”

एक पोरगं फिस्सकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारली. आईनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा मुलांकडं बघितलं आणि गोष्ट पुढं सांगितली. तिचा आवाज हलला नाही. मी तिथून उठून जावं की बसावं हे मला कळेना, म्हणून बसले. बरणी शेवटपर्यंत वाजत राहिली.

परतताना आम्ही दोघी रस्त्याच्या कडेनं चालत होतो. कोळशाचे ट्रक जात होते, त्यामुळं मोठ्यानं बोलायला हरकत नव्हती. आई म्हणाली, “शिकते म्हणजे पुस्तकात पायते असं वाटलं मले.”

“पुस्तकात बी पायते. पण खरं त यातच दिसते.”

“जित्ते मारतेस?”

“कोंबडी नाही खात का आपण रविवारी?” माझी जीभ तेव्हा फार चालायची.

“खातो. पोटासाठी खातो,” आई म्हणाली. “अन् खाताना मी मनात काय म्हणते ते तुले काय मालूम?”

“मंग हे बी पोटासाठीच समज. उद्या नोकरी लागन.”

आई थांबली. “पोटासाठी करून राहिली का तू?”

तिथं मला हो म्हणता आलं नाही. पोटासाठी मी ते करत नव्हते. मी तिला त्या एकट्या गुणसूत्राबद्दल सांगितलं. सगळे जोडीनं असतात आणि हे एक बाजूला असतं, ते कुठं जातं ते मला बघायचं आहे, एवढंच. आमच्या अंगावर ट्रकचा उजेड येऊन गेला. आई म्हणाली, “त्याले कोणीच नाही?” मी म्हटलं, नाही. ती पुन्हा चालायला लागली. मग म्हणाली, “मी तुले नको म्हणत नाही. पण संध्याकाळी हात जोडून म्हणाचं का मी जीव मारणार नाही, अन् सकाळी उठून माराचे, हे मले नाही समजत.”

“मंग मी नाही म्हणत ते शील. खोटं बोलणार नाही हे बी शीलच हाये ना? चौथं.”

“नको म्हणू,” आई म्हणाली.

असं ते झालं. भांडण म्हणावं असं काहीच नाही. ती मला माघार घे म्हणाली नाही, मी तिला समजून घे म्हटलं नाही. चार दिवसांत समोरची नमेल असं दोघींनाही वाटत होतं. अडेलपणात मी तिच्यावर गेले होते, हे भागाबाई कौतुकानं सांगायची.

दुसऱ्या दिवसापासून घरच्या संध्याकाळच्या वंदनेत पहिल्या शीलाला मी तोंड मिटून उभी राहायला लागले. “पाणातिपाता” असा आईचा आवाज एकटाच निघायचा. मग दुसऱ्या शीलाला मी तिच्यात मिसळायची, तिसऱ्याला, चौथ्याला. चौथं मी जरा ठासूनच म्हणायची. पण त्या पहिल्या ओळीच्या वेळी खोलीत जी मोकळी जागा राहायची ती पुढच्या चार ओळींनी भरायची नाही. आई ओळ सुरू करण्याआधी क्षणभर थांबायची. रोज थांबायची. माझ्याकडं बघायची नाही, नुसती थांबायची, दारात उभं राहून कुणी मागून येतंय का बघावं तशी. मी आले नाही की एकटी निघायची. दिवसा आमच्या हातांची बोली चालूच होती. मीठ, गॅस, थांब. पण आता हातही कामापुरतेच बोलायला लागले. मी आयुष्यात पुढं अनोळखी देशांत एकटी राहिले, बर्फात राहिले, जिथं माझं नाव कुणाला उच्चारता येत नव्हतं तिथं राहिले. त्या पावसाळ्यात आईच्या शेजारी उभी असताना मला जितकं एकटं वाटलं तितकं नंतर कधी वाटलं नाही.

बाबांना हे कळायला वेळ लागला. एका रविवारी, आई पाणी भरायला गेली असताना, ते माझ्याजवळ येऊन खाटेच्या कडेवर बसले. “एखाद्या दिवशी म्हणून टाक ना वं बेटा. आधीच आपल्या घरी बोलणं कमी.”

“खोटं म्हणू का, बाबा?”

त्यांनी डोकं खाजवलं. “मी काय सांगू बाप्पा. मी त झोपलेलाच असतो.” असं म्हणून ते खरंच जाऊन झोपले. त्यांचा मला राग आला नाही. त्यांच्या परीनं त्यांनी तेवढं बोलणं म्हणजे पुष्कळ होतं.

माझ्या स्लाइडी चांगल्या निघाल्या. ते एकटं गुणसूत्र बाकीच्यांच्या आधी निघून टोकाला पोचलेलं मला पुन्हा पुन्हा दिसलं. मॅडमनी काच काढून उजेडात धरली आणि म्हणाल्या, “दिवाळी झाली की निघायचं. मी बोलून ठेवलंय.” माझा अंगठा त्या रंगानं नखापर्यंत लाल झाला होता, साबणानं जात नव्हता. घरी सांगितलं तेव्हा आई तव्यावर जवस भाजत होती. जवस तडतडत होते, बाबा झोपले होते, म्हणून तिनं झाकण ठेवलं. “दूर हाये?” तिनं कुजबुजत विचारलं. मी मान हलवली. तिनं माझा अंगठा हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि सोडून दिला. ती पुढं काही म्हणेल म्हणून मी तिथंच उभी राहिले. जवस करपायला आले तसं तिनं तवा उतरवला. ती मला जा म्हणाली नाही आणि जाऊ नको असंही म्हणाली नाही. घरातून मुलगी पहिल्यांदाच इतकी दूर जाणार होती आणि मला आईच्या तोंडचा एक शब्द हवा होता. त्याच्याशिवाय बसमध्ये चढायची माझी हिंमत नव्हती, हे मी कुणालाही सांगितलं नसतं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहार भरलं होतं. पांढऱ्या साड्या, पोरांचे तेल लावलेले केस, बाहेर चुलीवर मोठ्या गंजात खीर. भंतेजी येणार होते, त्यांची वाट बघून शेवटी आईलाच पुढं बसवलं. पुरुष एका बाजूला, त्यांत बाबाही होते, धुतलेला सदरा घालून. त्रिशरण झालं. सगळ्यांचे आवाज पत्र्यावर आदळून खाली येत होते. मग पहिल्या शीलाआधी आई थांबली. घरी रोज थांबायची तशी. तिला स्वतःला ते कळलं असेल की नाही मला ठाऊक नाही. पण इथं आख्खं विहार तिच्या मागं होतं, ती थांबली तसे सगळे थांबले. बायका मान वर करून बघायला लागल्या. बाहेर खिरीचा डाव गंजाला लागल्याचा आवाज आला. मी मागून चौथ्या का पाचव्या रांगेत होते. मला वाटलं आता म्हणावं, संपवून टाकावं हे सगळं. माझं तोंड उघडलंही. आणि अंगठ्याकडं लक्ष गेलं, आणि मी ते मिटलं.

आईनं पहिलं शील म्हटलं. तिच्या मागून सगळ्यांनी म्हटलं. आता दुसरं येणार म्हणून लोकांनी श्वास घेतला, तर आईनं पुन्हा पहिलंच म्हटलं. तेवढ्याच ठामपणे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बायका गडबडल्या, पण घेणारी बाई म्हणते म्हटल्यावर त्यांनीही मागून म्हटलं. पुरुषांकडून कुणीतरी खोकलं. मग दुसरं शील आलं आणि वंदना नेहमीसारखी पुढं गेली. खीर वाटताना भागाबाईनं तिला गाठलंच. “पहिलं दोनदा काहून म्हणलं वं? विसरली काय?”

“नाही विसरली,” आई म्हणाली. “एक आपलं. अन् एक जे बाहेरगावी जाते त्याच्या वाटचं. त्याले तिथं म्हणाले भेटन नाही भेटन.”

भागाबाईचा मुलगा तेव्हा भिलाईला होता. तिनं डोळ्याला पदर लावला. माझ्या हातात द्रोण होता. आईनं त्यात खीर वाढली, वर चारोळ्या टाकल्या आणि माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, “तुह्या वाटचं मी म्हणून टाकीन. तू जाय.” मी विहाराच्या मागं जाऊन, तिथं रचलेल्या विटांवर बसून रडले. सुटल्यासारखं वाटलं, आणि मनात हेही आलं की आता ती ओळ माझी कधीच राहणार नाही. दोन्ही वाटलं, एकाच वेळी.

पुढचं लोकांना ठाऊक आहे, निदान ज्यांना त्यात रस आहे त्यांना. मी गेले, शिकले. मेलेल्या पेशीवरून जिवंत पेशीत काय चाललं असेल याचा अंदाज बांधायचा मला कंटाळा यायला लागला आणि जिवंत पेशी बाटलीत वाढवून त्या दुभंगताना बघणं हे माझं काम झालं. आपल्याकडं तेव्हा ते फार कुणी करत नव्हतं, म्हणून आता सत्कारांत माझ्या नावाआधी काय काय लावतात. पहिल्या पेशी मी माझ्याच दंडाच्या कातडीतून काढून घेतल्या होत्या. तिथं वाटाण्याएवढा डाग अजून आहे. सुट्टीत घरी आल्यावर मी आईला तो दाखवला आणि सांगितलं, “आता नाकतोडे बंद. आता स्वतःचंच घेते.” ती फार खूश झाली. पण मग मला राहवलं नाही. त्या पेशींना खाऊ काय घालतो तेही मी सांगितलं, की त्यात वासराच्या रक्तातलं पाणी लागतं. हात स्वच्छ झाले असं म्हणायची माझी सोय नव्हती आणि तिच्याशी तर नव्हतीच. आई हसायला लागली, तोंडावर पदर धरून, कारण बाबा झोपले होते. म्हणाली, “मंग मी म्हणतच राह्यते.” आणि ती राहिली. एकदा भंतेजींनी तिला समजावलं की पहिलं शील एकदाच म्हणतात. तिनं हो हो म्हटलं, हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी दोनदा म्हटलं.

बाबा आधी गेले, मग आई. मी दोन्ही वेळा पोचले ते उशिराच. क्वार्टर कंपनीला परत दिलं. पेटी, तसबिरी, खलबत्ता एवढं घेऊन मी गेले आणि नंतर कितीतरी वर्षं कोराडीला जायचं काही कारण उरलं नाही. निवृत्त झाल्यावर नागपूरला परत आले, पण बेसाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. लग्न केलं नाही. विद्यार्थी फोन करतात, तेही आता आजोबा-आजी व्हायला आले. संध्याकाळी मी मेणबत्ती लावते, तसबिरी पुसते. इथं राख येत नाही, तरी पुसते. वंदना म्हणते आणि पहिल्या शीलाला आपोआप थांबते. मग कुणीच पुढं निघत नाही, आणि मी दुसऱ्यावर जाते.

गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी मी गाडी करून कोराडीला गेले. वीजघराच्या जुन्या चिमण्यांपैकी काही पाडल्या आहेत, नव्या उंच उभ्या आहेत. आमच्या रांगेतली क्वार्टरं ओळखू येईनात. विहार मात्र आहे. पत्रा जाऊन स्लॅब आली, फरशी आली, पंखे आले. मी मागं, भिंतीला टेकून बसले. तिथल्या एकाही चेहऱ्याला मी ओळखत नव्हते आणि मला कुणी ओळखायचा प्रश्नच नव्हता. एक तरुण मुलगी माइकवर वंदना घेत होती, बहुधा नोकरीवरून थेट आलेली, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं. सवयीनं माझं तोंड मिटलेलं होतं. मग ती मुलगी क्षणभर थांबली आणि तिनं पहिलं शील पुन्हा म्हटलं. तिच्या मागून सगळ्या बायकांनी म्हटलं, म्हाताऱ्यांनी, पोरींनी, कडेवर लेकरू घेतलेल्या बायकांनी. कुणी गडबडलं नाही. मी फरशीवर हात टेकला.

वंदना संपल्यावर तीच मुलगी पाणी घेऊन माझ्याकडं आली. माझे डोळे बघून तिला वाटलं मला बरं नाही. मी तिला विचारलं, “पहिलं दोनदा काहून म्हणता तुम्ही?”

“आमच्या इकडं असंच असते, आजी,” ती म्हणाली. “माह्या आजीपासून हाये. एक आपलं अन् दुसरं जे बाहेरगावी गेलं त्याच्या वाटचं. दुसरीकडं नाही म्हणत, मले मालूम हाये. पण आम्ही सोडत नाही.” तिनं पेला माझ्या हातात दिला. “तुमचं कोणी हाये का बाहेर?”

“होती एक पोरगी,” मी म्हटलं. “आता आली परत.”

“मंग चांगलं झालं न,” ती म्हणाली. “आता तिले म्हणा, तुह्यं तू म्हण.”